शनिवारी रात्री आठच्या आत

नोकरीसाठी म्युनिकला निघालेलं पुण्याकडचं एखादं जोडपं शनिवारी दुपारी विमानतळावर उतरतं. घराच्या किल्ल्या ताब्यात घ्यायच्या, चार मोठ्या बॅगा तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या, आईबाबांना व्हिडिओ कॉलवर बाथरूमपासून गॅलरीपर्यंत सगळं घर फिरवून दाखवायचं, या गडबडीत संध्याकाळचे पावणेआठ होतात. कोपऱ्यावरचं सुपरमार्केट येताना टॅक्सीतून दिसलेलं असतं. ‘आता कुठे जातोस, उद्या सकाळी निवांत जाऊ,’ असं ठरतं. घरून बांधून दिलेले धपाटे आणि लिंबाचं लोणचं खाऊन दोघं आडवी होतात.

रविवारी सकाळी दहाला पिशवी घेऊन नवरा खाली जातो, तर सुपरमार्केटचं काचेचं दार सरकत नाही. सेन्सरनं आपल्याला पाहिलं नसेल म्हणून तो दोन पावलं मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो. आत अंधार. शेजारचं चपलांचं दुकान बंद, त्यापुढचं भांड्यांचं बंद, रस्त्याच्या टोकापर्यंत सगळं बंद. संपबिंप आहे की काय? की काल रात्री कोणी मोठा माणूस गेला? यातलं काहीच नसतं. रविवार असतो, एवढंच. त्या दिवशी चहा कोरा होतो, आणि धपाटे संपल्यावर विमानात मिळालेली बिस्किटाची पुडी शोधून काढावी लागते.

जर्मनीत राहिलेल्या बहुतेक मराठी घरांत या पहिल्या रविवारची एक गोष्ट असतेच. कुणाच्या गोष्टीत दूध नसतं, कुणाच्या गोष्टीत डायपर.

आपल्याकडे बाजार बंद असतो, पण सगळीकडे एकाच दिवशी नाही. दादरचा बाजार सोमवारी बंद म्हणून सोमवारी दुसरीकडे जायचं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं तर वर्षाचे सगळे दिवस आणि चोवीस तास दुकान उघडं ठेवायची मुभा दिली. नोकराला आठवड्याची सुट्टी मिळाली म्हणजे झालं, दुकानाला मिळायलाच हवी असं नाही. जर्मनीत मात्र सुट्टी दुकानालाच असते. मालक एकटा गल्ल्यावर बसायला तयार असला, तरीही साधारणपणे त्याला रविवारी शटर वर करता येत नाही.

यामागे नुसता कामगार कायदा नाही, राज्यघटना आहे. 1919 च्या वायमार घटनेच्या 139 व्या कलमात रविवार आणि सरकारमान्य सण हे विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून राखून ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर 1949 मध्ये नवी घटना लिहिली, तेव्हा 140 व्या कलमाच्या आधारे हे जुनं कलम जसंच्या तसं आत घेतलं. म्हणजे रविवारी बटाटे का मिळत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर द्यायला थेट घटनेपर्यंत जावं लागतं. हे मराठी वाचकाला अगदीच परकं वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं आणि 1890 मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपल्याकडेही रविवार मागून, झगडून मिळवलेला आहे. फरक इतकाच की आपण गिरणीचा भोंगा बंद केला आणि मंडईला चालू ठेवलं. जर्मनांनी मंडईतल्या विक्रेतीलाही गिरणी कामगारात धरलं.

आठवड्याच्या इतर दिवसांची गोष्ट मात्र बरीच सैल होत आली आहे. पश्चिम जर्मनीत 1956 मध्ये दुकानबंदीचा कायदा झाला. त्यानुसार दुकानं संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायची. ऑफिसातून सहाला सुटणाऱ्या माणसाला अर्धा तास मिळे, आणि त्यात बस चुकली की संपलं. महिन्यातला एक शनिवार तेवढा लांबवलेला असे. 1989 पासून गुरुवारी रात्री साडेआठपर्यंत दुकानं उघडी राहू लागली, 1996 मध्ये सोमवार ते शुक्रवार रात्री आठपर्यंत मुभा मिळाली, आणि शनिवारी रात्री आठची वेळ यायला 2003 उजाडावं लागलं. प्रत्येक अर्ध्या तासामागे कामगार संघटना, चर्च, मोठी दुकानं आणि छोटे दुकानदार यांची वर्षानुवर्षांची भांडणं आहेत.

त्या भांडणांतला सर्वांत गमतीचा प्रसंग बर्लिनचा. पर्यटकांना लागणाऱ्या वस्तू, म्हणजे आठवण म्हणून न्यायच्या भेटवस्तू, रविवारी विकायला तिथे सवलत होती. 1999 च्या ऑगस्टमध्ये आलेक्झांडरप्लात्झ चौकातल्या काउफहोफ या मोठ्या दुकानानं रविवारी दारं उघडली आणि आतल्या मालावर ‘बर्लिनची आठवण’ अशा अर्थाची लेबलं चिकटवली. लेबल लागलं की सदरा असो की भांडं, तो माल कागदोपत्री पर्यटकांचा झाला. लोकांनी दुकानात तुडुंब गर्दी केली. कोर्टाला मात्र हा विनोद रुचला नाही.

2006 मध्ये हा विषय केंद्राकडून राज्यांकडे गेला आणि तेव्हापासून नवख्याचा गोंधळ दुप्पट झाला. बर्लिनमध्ये किंवा श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सोमवार ते शनिवार कायद्यानं वेळेचं बंधन नाही. तिथली सुपरमार्केटं रात्री नऊ-दहापर्यंत चालू दिसतात. म्युनिकच्या बव्हेरियात मात्र रात्रीचे आठ म्हणजे आठ. बव्हेरियानं 2025 मध्ये अखेर स्वतःचा कायदा केला, पण सकाळी सहा ते रात्री आठ हे तास त्यातही तसेच ठेवले. बर्लिनमध्ये दोन वर्षं काढून म्युनिकला बदली झालेला आयटीवाला पहिल्याच आठवड्यात साडेआठला बंद दारासमोर उभा दिसतो तो यामुळे. एकाच देशात आहोत, हे त्याला तेव्हा पटत नाही.

रविवारच्या बाबतीत मात्र राज्यांनाही फार हातपाय पसरता येत नाहीत. बर्लिननं वर्षातले दहा रविवार, त्यांत नाताळाआधीचे चारही, दुकानांना मोकळे केले होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी दोन्ही पंथांची चर्चेस कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेली. 1 डिसेंबर 2009 च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की दुकानदाराला धंदा करायचा आहे आणि गिऱ्हाइकाला रोजच्यासारखी खरेदी करायची आहे, एवढ्या कारणावर रविवार मोडता येणार नाही. नाताळाआधीचे चारही रविवार ओळीनं उघडे ठेवणं रद्द झालं. आता गावाच्या जत्रेच्या किंवा बाजाराच्या निमित्तानं वर्षातले मोजके रविवार दुपारी दुकानं उघडतात. त्या दिवशी रस्त्यांवर तुळशीबागेची आठवण यावी एवढी गर्दी होते.

माणूसच नसलेल्या दुकानाचं काय? फुल्डा शहरातल्या एका सुपरमार्केट साखळीनं 2020 पासून अशी छोटी स्वयंचलित दुकानं सुरू केली. दार कार्डानं उघडायचं, बिल आपलं आपण करायचं. नोकरच नाही तर त्याची सुट्टी मोडणार कशी, असा त्यांचा बिनतोड मुद्दा. 2023 च्या अखेरीस हेसे राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं तो मोडीत काढला: दुकान ते दुकान, रविवारी बंद. शेवटी त्या राज्याला कायदाच बदलावा लागला.

रविवारी उपाशी मात्र कोणी राहत नाही, फक्त वाटा माहीत हव्यात. रेल्वे स्टेशन, विमानतळ आणि पेट्रोल पंप यांना प्रवाशांच्या गरजेपुरती सूट आहे. त्यामुळे मोठ्या स्टेशनातल्या सुपरमार्केटमध्ये रविवारी संध्याकाळी जी रांग लागते, तिच्यात प्रवासी किती आणि घरातले कांदे संपलेले किती, हे हातातल्या सामानावरून कळतं. पेट्रोल पंपावर दूध मिळतं, पण दुकानापेक्षा चांगलंच महाग. बर्लिनचे रात्री उशिरापर्यंत चालणारे ‘श्पेटी’ आणि कलोनचे ‘ब्युडशेन’ म्हणजे आपली पानाची टपरी आणि किराणा यांच्या मधलं काहीतरी. ते रविवारीही उघडे दिसतात. नियमात ते बसतात की नाही, हा वाद बर्लिनमध्ये कोर्टापर्यंत गेलेला आहे.

बेकरीवाल्याला रविवारी काही तासांची सवलत असते, कारण रविवारच्या न्याहारीला ताजे पाव नसणं जर्मन माणसाला दसऱ्याला श्रीखंड नसण्यासारखं वाटतं. म्युनिकमधल्या एका बेकरीनं ठरलेल्या तासांनंतरही पाव विकले म्हणून खटला झाला आणि तो सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. 2019 मध्ये न्यायालयानं ठरवलं की बेकरीत बसून खाण्याची सोय असेल तर तिथला साधा पावही तयार खाद्यपदार्थच. मग तो उपाहारगृहाच्या नियमानं दिवसभर विकता येईल. म्हणून रविवारी बंद बेकऱ्यांच्या ओळीत एखादीच उघडी दिसली, तर आत दोन टेबलं आणि चार खुर्च्या आहेत का ते पाहावं.

आता सोमवारी सकाळी त्याच दारासमोर परत येऊ. या वेळी ते सरकतं.

ट्रॉली साखळीनं बांधलेली असते. एक युरोचं नाणं खाचेत घातल्याशिवाय सुटत नाही. म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यात नाण्याच्या आकाराची प्लास्टिकची टिकली बाळगायची पद्धत आहे. सामान न्यायच्या हलक्या प्लास्टिक पिशव्यांवर 2022 पासून बंदी आहे आणि कागदी पिशवीला पैसे पडतात. भाजी निवडताना टोमॅटो दाबून पाहणारा हात लोकांच्या नजरेत येतो. घासाघीस नाही. छापील किमतीत कर धरलेला असतो आणि प्रत्येक किमतीखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिलेला असतो. काटकसरी मराठी गृहिणीला हा बारीक आकडा पहिल्याच दिवशी सापडतो, असा अनुभव आहे.

खरी परीक्षा बिल काउंटरला असते. इथे कॅशियर खुर्चीवर बसलेला असतो, आणि तो बसलेला आहे म्हणून निवांत असेल असं समजण्यात नवखा फसतो. सरकत्या पट्ट्यावर सामान मांडायचं, आपल्या मागच्याचं सामान वेगळं राहावं म्हणून मध्ये छोटी दांडी आडवी ठेवायची, आणि मग वेग पाहायचा. आल्डीसारख्या स्वस्त साखळीत वस्तूंवर मोठाले आणि दोन-तीन बाजूंनी बारकोड छापतात, म्हणजे डबा फिरवण्यातही सेकंद जायला नको. पीक, पीक, पीक असा आवाज चालू राहतो आणि आपला तांदूळ, बटाटे, अंडी एकावर एक येऊन आदळत असतात. पिशवी भरून द्यायला कोणी नसतं. जाणकार लोक सगळं परत ट्रॉलीत ढकलतात, पैसे देतात आणि भिंतीलगतच्या फळीवर जाऊन सावकाश पिशवी भरतात. काउंटरवरच अंडी नीट लावत बसणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. मागचे पाच जण फक्त बघतात.

आल्डीची मुळं एसेन शहरातल्या एका छोट्या किराणा दुकानात आहेत. कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी आईचं दुकान वाढवलं आणि 1961 च्या सुमारास धंदा उत्तर-दक्षिण असा वाटून घेतला. सिगारेट विकायची की नाही, यावरून दोघांचं पटलं नाही असं सांगतात. कमी वस्तू, खोक्यासकट मांडलेला माल, थोडे नोकर आणि स्वस्त भाव, हा त्यांचा खाक्या. अमेरिकेची वॉलमार्ट 1997 मध्ये इथे आली ती हसून स्वागत करणारी माणसं आणि पिशव्या भरून देणारे नोकर घेऊन. दारात अनोळखी माणूस हसला की जर्मन गिऱ्हाईक बिचकायचं. स्वस्ताईत तर आल्डी आधीच पुढे होती. 2006 मध्ये वॉलमार्टनं दुकानं विकून गाशा गुंडाळला.

याचा अर्थ लोक तुसडे आहेत असा नाही. आत गेल्यावर बेकरीत ‘हालो’ किंवा बव्हेरियात ‘ग्र्युस गॉट’ म्हटल्याशिवाय ऑर्डर सांगणं उद्धटपणाचं समजतात. संध्याकाळी निघताना कॅशियरला ‘शोनन फायराबेंट’ म्हटलं तर तिचा चेहरा खुलतो. फायराबेंट म्हणजे काम संपल्यानंतरची संध्याकाळ. या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही; ‘सुटलो एकदाचे’ त्याच्या जवळ जातं. आठला पाच मिनिटं असताना दुकानात शिरलेल्या माणसाला सामान मिळतं, पण तो कुणाच्या तरी फायराबेंटवर उभा असतो, आणि हे त्याला नजरेनं कळवलं जातं.

फळ्यांवरचा माल ओळखणं हा स्वतंत्र अभ्यास. पिठाच्या पुडीवर 405, 550, 1050 असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. कोंडा जास्त तर राख जास्त. 405 म्हणजे जवळपास मैदा. त्याच्या पोळ्या लाटताना रबरासारख्या आखडतात आणि गार झाल्या की वातड होतात. 1050 नं काम निभतं. बाकी आट्यासाठी भारतीय दुकान गाठावं लागतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि भेंडी शोधायला तुर्की भाजीवाला बरा. ‘क्लासिक’ लिहिलेलं पाणी घेतलं की बुडबुड्यांचा सोडा हाती येतो. साधं पाणी हवं तर ‘श्टिल’ हा शब्द शोधायचा. आणि एक शोध प्रत्येक मराठी घर नव्यानं लावतं: क्वार्क. कोरड्या अंशात चाळीस टक्के स्निग्धांश असलेला क्वार्क म्हणजे आयता चक्का. फडक्यात बांधून नळाला टांगायला नको, रात्रभर थांबायला नको. साखर, वेलची, केशर घातलं की पंधरा मिनिटांत श्रीखंड. आंबटपणा थोडा कमी असतो, म्हणून काही जणी त्यात दोन चमचे दही फेटतात.

डोकं दुखतंय म्हणून क्रोसिनसारखी गोळी घ्यायला दे-एम किंवा रोसमान या दुकानांत शिरलात तर शॅम्पू, बाळाचं खाणं आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळतील, पॅरासिटामॉल नाही. ती दुकानं ‘ड्रोगेरी’. औषध मिळतं ते लाल रंगातलं मोठं गॉथिक ‘आ’ लावलेल्या ‘आपोटेके’त. रात्री आणि रविवारी भागातलं एखादं आपोटेके पाळीनं चालू असतं आणि कोणतं ते बंद आपोटेकेच्या दारावरच लावलेलं असतं. तिथे बेल वाजवायची. दारातली छोटी खिडकी उघडते, तिच्यातून चिठ्ठी आत आणि औषध बाहेर. या अवेळीच्या सेवेला अडीच युरो वेगळे पडतात.

बाटल्यांचा हिशेब सर्वांत शेवटी लक्षात येतो, कारण त्याचे पैसे आधीच गेलेले असतात. दीड युरोचं वाटलेलं पाणी बिलावर पावणेदोन युरोला पडतं. वरचे पंचवीस सेंट म्हणजे ‘फांड’, बाटलीची अनामत. 2003 पासून एकदा वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर ती सक्तीची झाली. 2022 मध्ये फळांच्या रसाच्या आणि 2024 मध्ये दुधाच्या प्लास्टिक बाटल्याही त्यात आल्या. बियरच्या काचेच्या बाटलीला आठ सेंट. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटच्या भिंतीतल्या मशीनच्या गोल तोंडात एकेक सरकवायच्या. बाटली आत गिरकी घेते, बारकोड वाचला जातो, मागे चुरगळल्याचा आवाज येतो. चेपलेली किंवा लेबल फाटलेली बाटली मशीन शांतपणे परत बाहेर ढकलतं. शेवटी हिरवं बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती बिलात वळती होते. रद्दीवाल्याशी वजनावरून वाद घालत वाढलेल्या माणसाला यात वाद घालायला कोणीच नाही याची चुटपुट लागते. रस्त्यात बाटली टाकायची वेळ आलीच तर लोक ती कचरापेटीत न घालता पेटीशेजारी उभी ठेवतात, म्हणजे बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्या म्हाताऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागत नाही. जॅमच्या, लोणच्याच्या बरण्यांना अनामत नसते. त्या चौकातल्या काचपेटीत टाकायच्या, पण रविवारी नाही. काच फुटल्याच्या आवाजानं शेजाऱ्यांची रविवारची शांतता मोडते.

काही वर्षं इथे काढलेल्या मराठी घराच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं दिसतं, आणि त्यातल्या एकादशी-चतुर्थीच्या शेजारी पेनानं चौकोन केलेले दिसतात. ती इथली बंदची टिपणं असतात. गुड फ्रायडे बंद, शनिवार उघडा, ईस्टरचा रविवार आणि सोमवार बंद. त्यामुळे मधल्या त्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. 1 नोव्हेंबर बव्हेरियात बंद, बर्लिनमध्ये चालू. 8 ऑगस्टची सुट्टी आख्ख्या देशात एकट्या आउग्सबुर्ग शहराला. डिसेंबरचं पान तर भरून जातं. 24 तारखेला दुपारी दोनला दुकानं बंद होतात, 25 आणि 26 ला नाताळच्या दोन सुट्ट्या. 2026 मध्ये 24 डिसेंबर गुरुवारी येतो, म्हणजे 27 तारखेचा रविवार नेमका सुट्ट्यांना चिकटून आहे. गुरुवारी दुपारी दोन ते सोमवारी सकाळ. त्या पानावर पेनानं लिहिलेलं असेल: दूध सहा लिटर, कांदे, कोथिंबीर धुऊन फ्रीजमध्ये, रिकाम्या बाटल्या बुधवारीच.